बिनखिळ्याची पेटी

माझ्या मालकाकडे मेलेल्या माणसांच्या चुली होत्या. चिनी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हिरव्या झिलईच्या, दोन तळव्यांवर मावतील एवढ्या. चुलीवर मातीचीच कढई आणि कढईशेजारी मातीचाच मासा. बाजूच्या कपाटात धान्याची कोठी, रहाटासकट विहीर, डुकरांचा कोंडवाडा, कोंबड्यांचं खुराडं आणि भुंकायच्या बेतात असलेला एक कुत्रा. हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या थडग्यातून उपसलेलं. मालक हाँगकाँगच्या दुकानांतून ते घेऊन यायचा आणि सौदीत खोबरमधल्या आपल्या बंगल्यात, पाहुण्यांच्या खोलीमागच्या कुलूपबंद दालनात मांडायचा. त्या दालनात बाराही महिने गारवा असे. आमच्या कामगार-कॅम्पातल्या खोलीचं एसीचं यंत्र त्या उन्हाळ्यात बंद पडलं होतं. दुरुस्तीचा अर्ज मीच टाइप केला होता, दोनदा.

मी मालकाचा टायपिस्ट. संस्कृत घेऊन बी.ए. झालेला, रत्नागिरीकडच्या एका खेड्यातला. कॉलेजात कुणी उभं केलं नाही, तेव्हा थोरल्या भावाने आपल्याच कफीलकडून, म्हणजे ज्याच्या नावावर तिथं राहायचं त्या मालकाकडून, माझा व्हिसा काढला. दादा सुतार होता. आला होता इमारतींच्या शटरिंगवर, पण त्याचा हात बघून मालकाने त्याला घरच्या कामाला घेतलं. त्या दालनातली कपाटं दादाची. कपाटांतल्या प्रत्येक भांड्यापुढे ठेवायची कार्डं माझी. ती लिहिण्यासाठी मालकाने जाडजूड पुस्तकं मागवली होती आणि एकही उघडलं नव्हतं. मी सगळी वाचली. कॅम्पात दुसरं करण्यासारखं होतं ते म्हणजे पत्ते, आणि पत्ते खेळणाऱ्यांना मी तुच्छ समजत असे.

त्या चिन्यांच्या समजुतीप्रमाणे माणसात दोन जीव असतात. एक हलका, तो मेल्यावर वर निघून जातो. दुसरा जड, तो देहापाशी थडग्यातच राहतो आणि त्याला भूक लागते, थंडी वाजते, घर आठवतं. त्याची समजूत काढायला ही चूल, ही विहीर, ही कोठी. खरी वस्तू द्यायची नाही. खरी दिली तर मेलेल्याला जिवंत मानल्यासारखं होतं. काहीच दिलं नाही तर त्याला मेलेला म्हणून टाकून दिल्यासारखं होतं. म्हणून मधली वाट, मातीची. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटली होती. मालकाला जीव एक की दोन याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. पाहुण्यांना ऐकवायला त्याला दोन वाक्यं हवी असत, ती मी टाइप करून देत असे.

दादा मापं घ्यायला आला की एकेक वस्तू निरखायचा.

"काय रे पंडिता, ही विहीर कशाला?"

"मेलेल्याला पाणी लागतं म्हणून."

"पोहरा बघितलास केवढा? चिमणीची तहान भागायची नाही. आणि रहाटाला खुंटी कुठाय? फिरणार कसा तो?"

"फिरायचा नाहीच. तोच तर मुद्दा आहे."

"आणि मेल्यावर डुकरं राखायची? जिवंतपणी राखली ती कमी पडली?"

मी त्याला दोन जीवांचं सांगितलं. त्याने टेप गुंडाळली. "म्हणजे आपल्यासारखंच," तो म्हणाला. "एक गावाला असतो, दुसरा इथं मेसची डाळ खातो." आणि एवढ्यावर चीनचा विषय त्याच्यापुरता संपला.

त्या दालनात मालकाचं सगळ्यात लाडकं होतं ते एक मडकं. हात-दीड हात उंच. त्याच्या खांद्यापासून वर मजल्यांवर मजले चढलेले, कमानी, दारं, आणि त्यांच्यावर दाटीवाटीने बसलेली पाखरं. पोटाला बोट जाईल एवढं भोक. काही विद्वानांचं म्हणणं असं की ज्याचा देह परमुलखात किंवा लढाईत हरवला, त्याच्या जिवाला बोलावून यात शिरायला सांगायचं आणि मडकंच पुरायचं. दुसऱ्यांचं म्हणणं असं की हा तर्क आहे, कारण अशी मडकी देह असलेल्या थडग्यांतही सापडली आहेत. मी कार्डावर दोन्ही मतं टाइप केली. मालकाने दुसरं मत पेनने खोडलं. "पाहुण्यांना शंका नको असतात," तो म्हणाला.

इराकने कुवेत घेतलं आणि सहा महिने सगळेजण युद्धाची वाट बघत राहिले. सरहद्दीकडे हफ्र अल बातिनच्या बाजूला फौजा चालल्या होत्या. आमच्या हायवेवरून रणगाडे लादलेल्या ट्रेलरांची रांग जायची आणि कॅम्पातले लोक कुंपणाशी उभे राहून ती मोजायचे. गॅसचे मुखवटे येणार येणार म्हणून सांगण्यात आलं. आमच्या कॅम्पापर्यंत आली ती सूचना: ओला टॉवेल तोंडावर धरावा. ती सूचनाही मीच टाइप केली. स्पेलिंग अचूक होतं.

जानेवारीत, इराकला दिलेली मुदत संपायच्या आठवड्यात, मालकाने निर्णय घेतला. तो स्वतः कुटुंबासह दूर पश्चिम किनाऱ्यावर जेद्दाला निघून गेला आणि मागून दालनातली भांडी पाठवायला सांगितली. कॅम्पातले बाकीचे सुतार खिडक्यांवर प्लायवूड ठोकत होते. दादाला मात्र भांड्यांच्या पेट्या करायला बसवलं. आठ दिवस तो शेडमध्ये होता. साध्या भांड्यांना त्याने खिळ्यांच्या पेट्या केल्या. मडक्याची पेटी मात्र त्याने बिनखिळ्याची केली.

"खिळा ठोकला की हादरा आत जातो," तो म्हणाला. "पाखरांच्या माना बघ, काडीएवढ्या आहेत."

चारही कोपरे त्याने सांध्यांत सांधे घालून जुळवले. झाकण खाचेतून सरकवायचं, आणि ते अडकवायला एक लाकडी खुंटी. ती बसवली मूठ म्हणून लावलेल्या पट्टीच्या आत. बाहेरून बघणाऱ्याला ती पट्टी नुसती शोभेची वाटावी. पट्टी अर्धी फिरवून खाली दाबली की खुंटी पडते आणि झाकण सरकतं. ती खुंटी शेवटी त्याने माझ्याकडून बसवून घेतली.

"तुझ्या हाताने घाल. पुस्तकं उलटून उलटून बोटं बायकांसारखी झालीत तुझी. ज्याला ठाऊक नाही त्याला ही पेटी उघडायला करवत लागेल."

"मालकाला सांगायला नको?"

"विचारेल तेव्हा सांगू. त्याने विचारलंय कधी काही?"

ट्रक भरला तरी मागे दोन-तीन माणसं बसतील एवढी जागा उरली. जेद्दाकडे जायला कॅम्पातले पुष्कळजण तयार होते. ऑफिसातला हैदराबादचा कारकून हातातली यादी हलवत म्हणाला, "नहीं भाई. आदमी बैठता है तो हिलता है. माल टूटेगा." कुणी वाद घातला नाही. मीही नाही. मेलेल्यांची चूल, विहीर, डुकरं आणि कुत्रा सुरक्षित जागी निघून गेले आणि आम्ही टॉवेल भिजवायच्या बादल्या भरून ठेवल्या.

दादा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी गेला. क्षेपणास्त्राने नव्हे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडमधल्या लाकडांच्या तुकड्यांवर बसला होता, छातीत कळ आली आणि उठला नाही. मी ऑफिसातून धावत गेलो तेव्हा त्याला गाडीत घालून नेलेलं होतं. त्याचा कामाचा शर्ट शेडमधल्या खिळ्याला लटकत होता. मी तो काढून हातात घेतला. त्या पुस्तकांत असं होतं की माणूस मेला की कुणीतरी त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा हाक मारायची, परत ये म्हणायचं. तो नाहीच आला तर मग रडायचं. शेडला शिडी लावलेली होती. मी शर्टाची घडी घातली आणि हॉस्पिटलचा पत्ता विचारायला ऑफिसात गेलो. शिकलेला माणूस असंच करतो.

दादाला गावी न्यायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं. वहिनी होती, आई-वडील नव्हते, मूल नव्हतं. त्यासाठी पोलिसांचा कागद हवा होता, वकिलातीचा हवा होता, ते दोन्ही मी मिळवले. राहिली कफीलची सही आणि दादाचा पासपोर्ट. पासपोर्ट बंगल्यातल्या तिजोरीत. तिजोरीची किल्ली मालकाच्या खिशात, जेद्दाला.

मी फोन केला. मालक म्हणाला, फार वाईट झालं, चांगला सुतार होता. मग म्हणाला, यादीत दोन कार्डं कमी आहेत, कुत्र्याचं आणि कोठीचं, ती पाठव. मी म्हणालो, पाठवतो, पण सही. तो म्हणाला, तिकडचा विमानतळ बंद आहे, आता कोण कुठे जाणार, युद्ध संपल्यावर बघू. "राहू दे त्याला तिथं. तिथं थंड असतं."

मी कार्डं पाठवली.

कारकुनाने मला खुर्ची दिली, चहा दिला. "देखो भाई, बॉडी का कुछ भरोसा नहीं. तुम पढ़े-लिखे हो. तुम लोगों में बिना बॉडी के कुछ होता होगा ना?"

होतं. मला ते ठाऊक होतं, हीच तर अडचण. देह मिळाला नाही तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस रीतसर मेला. मी त्या दुपारी काकाला फोन केला. काका तालुक्याच्या गावी राहतो, त्याच्याकडे फोन होता. त्याला मी सगळा विधी समजावून सांगितला. वर चिन्यांचंही सांगितलं, की त्यांच्यातही देहाऐवजी जीव बोलावून पुरायची चाल होती. बोलताना मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ज्या गोष्टीतलं कळत होतं तिच्याबद्दल कुणीतरी विचारत होतं. भाऊ शवागारात होता आणि मी व्याख्यान देत होतो.

काकाने काम मनापासून केलं. आमच्याकडे पळस फारसा नाही, त्याने पानं घाटावरून मागवली. भटजी आणले, तेरावं केलं, गाव जेवलं. तालुक्याच्या साप्ताहिकात त्याने बातमी दिली की आमचा पुतण्या आखाती युद्धात शहीद झाला. कात्रण त्याने मला टपालाने पाठवलं. त्यात माझंही कौतुक होतं: धाकट्या बंधूंनी शास्त्रोक्त मार्गदर्शन केले. डाळ-भात खाऊन मेलेला सुतार त्यांना पुरेसा नव्हता.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबलं. कुवेतमधल्या तेलाच्या विहिरी जळत होत्या, धुराने कपडे वाळत घातले की काळे होत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी ऑफिसात मालकाचा फोन आला. मला बोलावून घेतलं.

"त्या मडक्याची पेटी उघडत नाही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"खिळे कुठे आहेत? इथल्या सुताराला दिसत नाहीत. तो कापायचं म्हणतो. गुरुवारी माझ्याकडे माणसं यायची आहेत. कापताना आतलं काही तुटलं तर?"

"हादरा बसला तर तुटेल," मी म्हणालो. "पाखरांच्या माना बारीक आहेत."

"मग कशी उघडायची?"

मी कधी कुणाशी सौदा केलेला नव्हता. मंडईतही मी सांगतील तो भाव देणारा. त्या वेळी माझा आवाज कसा निघाला मला आठवत नाही, पण शब्द आठवतात. मी म्हणालो, "साहेब, ते माझ्या भावाला ठाऊक होतं. तो थंड जागी आहे. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

मग तो हसला. माझ्या तोंडून असं काही निघेल हे त्याला नवीन होतं, आणि नवीन गोष्टींची त्याला आवड होती. "पासपोर्टसाठी तिजोरीची किल्ली माणसाबरोबर पाठवतो," तो म्हणाला. "सहीचा कागद आजच फॅक्स करतो. खलास?"

"कागद हातात आल्यावर फोन करतो," मी म्हणालो.

फॅक्स दुपारी आला. जेद्दाहून दादासाठी विमानात जागाही त्याच्याच माणसाने मिळवली. पाच-सहा आठवडे जे अशक्य होतं ते दोन दिवसांत झालं. पासपोर्टवर शिक्का पडल्यावर बुधवारी मी त्याला पट्टी अर्धी फिरवून खाली दाबायला सांगितली. फोनवरूनच मला झाकण सरकल्याचा आवाज आला. एकदाही अडकलं नाही. "हुशार माणूस होता," मालक म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी काकाला कळवलं की दादाला घेऊन येतोय.

"कुणाला?" काका म्हणाला.

"दादाला."

"अरे, काय बोलतोयस तू? त्याचं सगळं झालं. तूच सांगितलंस की कसं करायचं. तो आता पितरांत गेला. भटजींना विचारलं मी परवाच, सहज, की समजा उद्या देह आला तर. ते म्हणाले, एका माणसाला दोनदा अग्नी देत नाहीत. सुतक परत धरायचं काय? गाव काय म्हणेल? पेपरात छापून आलंय."

"मग देहाचं काय करू?"

"तिकडंच काय ते कर. एवढं शिकलायस तू."

मालकाची ती पुस्तकं वाचताना एका जागी मी हसलो होतो. देहाशिवाय जीव पुरायची चाल फार वाढली तेव्हा तिथल्या पंडितांत वाद झाला. काहीजण म्हणाले, थडगं देहासाठी असतं, जीव कुठेही जातो, त्याला खड्ड्यात पुरणं मूर्खपणा आहे. आणि दरबाराने ती चाल बंद केली. मेलेल्यांबद्दल एवढी कायदेबाजी कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता आमच्या पंडितांचा निकाल उलटा लागला होता. जीव पोचला, देह नको. फरक एवढाच की त्या चिन्यांना निदान पुरलेल्या माणसाची भूक आठवत होती. आमच्यांना पेपर आठवत होता. आणि या सगळ्याला शास्त्राचा आधार मी पुरवला होता.

मी काकाला म्हणालो, वहिनीला बोलवा, उद्या याच वेळी मी फोन करतो. त्याला वाटलं असावं की ती त्याचीच बाजू घेईल. दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने तालुक्याला आली होती.

"भावोजी," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही, फोनवर ती पहिल्यांदाच बोलत होती. "ती पानं जाळली तेव्हा मी होते तिथं. मी नीट बघितलं. त्यात ते नव्हते."

मागून काका काहीतरी बोलला.

"गप राहा हो जरा तुम्ही," ती त्याला म्हणाली. मग मला: "आणा तुम्ही. कुणी आलं नाही तर आपण दोघं बघू."

दादाची पेटी कॅम्पातल्या सुतारांनी केली. जेद्दाच्या रस्त्यावर हलू नये म्हणून त्यांनी हाताला आले तेवढे खिळे तिच्यात ठोकले, काही वाकडे, काहींची टोकं आत निघालेली. चांगली माणसं होती, घाईत होती. दादाने ती पेटी बघितली असती तर त्यांना परत अ आ इ ई पासून शिकवलं असतं. पण या वेळी ट्रकमध्ये मागे मला बसू दिलं. माणूस हलतो, पण माल तसला नव्हता.

मुंबईहून टेम्पोने गावी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काका आला नाही. भटजी आले नाहीत. दोघे मच्छीमार आले, पलीकडच्या मोहल्ल्यातले, त्यांनीच पेटी उतरवली. पहारीने झाकण उचकटताना एकेक खिळा किंचाळत होता. वहिनी बाजूला उभी होती. सुताराची बायको ती. तिने पेटीकडे बघितलं आणि पहिलं बोलली ते हेच:

"एवढे खिळे?"

मग तिने आत बघितलं, आणि मग ती रडली. मी मंत्राशिवाय अग्नी दिला. मला मंत्र येत होते, पण त्या दिवशी मी ते म्हटले नाहीत.

मी परत गेलो नाही. मालकाचं पत्र आलं होतं, दालन पुन्हा लावायचं आहे, ये. उत्तर दिलं नाही.

पेटीच्या फळ्या वहिनीने ठेवून घेतल्या. "लाकूड चांगलं आहे," ती म्हणाली. "खिळे उपटा नि कोंबड्यांना खुराडं करा." गावात असलं लाकूड कुणी घरी ठेवत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी दादाची हत्यारं काढली आणि दोन आठवडे खपून खुराडं केलं, सांध्यात सांधा घालून, खिळा न वापरता, मला आठवत होतं तेवढ्यावरून. ते डाव्या बाजूला कललेलं आहे आणि दार दाबून धरल्याशिवाय लागत नाही. दादाने बघितलं असतं तर दोन दिवस हसला असता. कोंबड्या मात्र त्यात बसतात आणि अंडी घालतात.

काका सणावाराला येतो. ओटीवर बसतो, चहा घेतो, साप्ताहिकाचं कात्रण अजून त्याच्या पाकिटात आहे. अंडं तो घेत नाही. वहिनीही त्याला विचारत नाही.